मिलिंदची निळी खोळ

चिपळूणच्या बाईने भाईंदरचं प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे हसण्याचीच गोष्ट. माझा धाकटा भाऊ मिलिंद असता तर पोट धरून हसला असता. पण इथे परत आल्यापासून जो तो विचारतोय, तिकडे एवढे दिवस काय केलंस म्हणून. तर केलं ते हे: भावाच्या तेराव्यासाठी छत्री आणायला निघाले आणि छत्री न घेताच घरी आले.

मिलिंद आईबरोबर भाईंदर पश्चिमेला राहायचा. जुलैत ताप आला, तो त्याने अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. निरोप आला तशी मी मिळेल त्या एसटीने निघाले. महामार्गावर गाड्या तुंबलेल्या. काशिमिऱ्याला उतरून रिक्षाने घरी पोचले तेव्हा त्याला नेलं होतं. बाहेर धो धो पाऊस, आणि आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. मला भावाचं शेवटचं तोंड दिसलं नाही. हे मी कुणाजवळ बोलत नाही, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

सासरी गेलेल्या बहिणीला सुतक थोडंच असतं, त्यामुळे बाजाराची कामं माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे तेराव्याला गेलेल्याच्या नावाने चपला, काठी, पाण्याचं भांडं आणि छत्री दान देतात. पुढची वाट लांबची, म्हणून. बाकीचं चुलतभाऊ आणणार होता. आईचं सगळं लक्ष छत्रीवर.

"चांगली बघून आण," ती म्हणाली. "पावसाचा गेलाय गं तो. वाटेत भिजायला नको."

बाजार घरापासून चालत जाण्याइतका जवळ. छत्र्यांच्या दुकानात गुजराती काका बसले होते. त्यांनी समोर लांब दांड्याच्या, घडीच्या, अशा चारपाच छत्र्या उघडून ठेवल्या.

"किसके लिए, बेन?"

"भाई के लिए."

"उनको बहुत चलना पडता है क्या? तो भारी मत लो. हाथ दुखेगा."

"बहुत चलना है," मी म्हटलं, आणि भर दुकानात मला रडू फुटलं. काकांनी घाबरून स्टूल पुढे सरकवलं आणि पोऱ्याकरवी पाणी मागवलं.

त्यांना काय सांगणार? मिलिंद या श्रावणात भाईंदरहून चिपळूणला चालत येणार होता. माझ्याकडून राखी बांधून घ्यायला.

"अरे, एसट्या बंद पडल्या काय?" मी फोनवर म्हणायचे.

"चालत आलेल्या भावाला जेवायला जास्त मिळतं, ताई."

वर्षभर त्याने दुसरा विचार केला नाही. पाठीवर ओझं नको आणि पावसाने गाठलं तरी थांबायला नको. रेनकोट चढणीला आतून घामाने भिजवतो, म्हणून बाद. जाड विजार ओली झाली की पाय उचलत नाहीत, तीही बाद. छत्री तर सगळ्यात आधी बाद, कारण ती वाऱ्यावर उलटते आणि एक हात अडकवून ठेवते. आईचा फराळाचं सामान मोजायचा काटा त्याने पळवला होता, आणि वजन कमी व्हावं म्हणून पाठपिशवीचे जास्तीचे पट्टेसुद्धा कापले होते. शेवटी गाडी येऊन थांबली ती खोळीवर (भातलावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर घेतात ते दुमडलेलं पोतं). तसलीच, पण पातळ कापडाची, टोपी असलेली, पाठपिशवीसकट माणूस झाकणारी आणि खालून हवा खेळणारी. ती तो शिवून घेणार होता.

"पाय भिजणारच, ताई. ते धरूनच चालायचं. डोकं आणि छाती कोरडी राहिली की माणूस कितीही चालतो."

"ये बाबा. पण ते चिंब प्रकरण घरात आणू नकोस. पडवीत खुंटी मारून ठेवते," मी म्हटलं होतं. खुंटी मारलीही होती.

असल्या माणसाच्या नावाने मी छत्री देणार? काकांचं पाणी प्यायले, माफी मागितली आणि बाहेर पडले.

बाहेर एक कोळीण सुक्या बोंबलांवर आणि स्वतःवर एकच प्लॅस्टिक पांघरून बसली होती. मला बघून तिने हाक मारली. "तू मिलिंदची बहीन ना? तोंडावरनं वळखली. कुठं हाय तो? दिसला न्हाय लय दिवस."

"गावाला गेलाय," मी म्हटलं. खरं सांगायचं बळ नव्हतं.

"माझा प्लॅस्टिक उचलून बघायचा, किती हलका हाय म्हून," ती हसली. खोळ कुठे शिवायला टाकली होती, तेही तिलाच ठाऊक. "काशीगावला शिंपी हाय, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतो. त्याच्याकडं जायाचा."

रिक्षा केली. पुलावर चढल्यावर मिठागरं दिसली, पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि त्यांच्या कडेला उंच इमारती. पूर्वेला मेट्रोच्या खांबांमधून रिक्षा रखडत चालली. काशीगावच्या अलीकडे रस्त्यात पाणी साचलं होतं, तिथे इंजिनात पाणी शिरून ती बंदच पडली. मी उतरले आणि गुडघाभर पाण्यातून चालत निघाले. पाय भिजणारच, असं मनात म्हणत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून एका टपरीवर चहा आणि वडापाव घेतला. घरात सुतकाचं बिनफोडणीचं जेवण, आणि मी इथे तिखट चटणी मागून घेतेय, याची लाज वाटली. तरी खाल्लं.

शिंप्याचं नाव शकीलभाई. ताडपत्रीच्या ढिगात त्यांचं मशीन बुडालं होतं. मी मिलिंदची बहीण म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"चिपलूनवाली दीदी? पहुँच गए मिलिंदभाई आपके घर?"

मी मानेनेच नाही म्हटलं. मग काय झालं ते सांगितलं. मशीनवरचा हात त्यांनी काढून घेतला.

खोळ तयार झाली होती आणि मिलिंद ती घेऊनही गेला होता. निळी, पॅराशूटच्या कापडाची. "तीन बार खुलवाया मुझसे. बोले, सिलाई से पानी नहीं आना चाहिए, बहन के घर जाना है." त्याच कापडाचा तुकडा उरला होता. घरी ती निळी खोळ मला कुठेच दिसली नव्हती, म्हणून म्हटलं, तशीच एक शिवून द्या. माप त्यांच्या लक्षात होतं. मी ताडपत्रीवर बसून राहिले. शिलाई झाली, शिवणीवर आतून पट्टी चिकटवली, आणि घडी केली तर ती माझ्या ओंजळीत मावली.

घरी आले आणि घडी आईच्या मांडीवर ठेवली. "छत्री नाही आणली. त्याला आवडायची नाही. अशीच त्याने शिवून घेतली होती, बघ."

आईने घडी उलगडली आणि कापडावरून हात फिरवत राहिली. तिचा हात एकदम थांबला.

"ही? ही तर गॅलरीत वाळत होती," ती म्हणाली. "त्याला नेताना पाऊस कोसळत होता. लोक प्लॅस्टिक मागायला लागले, वरून घालायला. मला वाटलं, बाजारातलं प्लॅस्टिकच आहे. मीच काढून दिलं. तिकडे नेलेलं परत आणत नाहीत, म्हणून कुणी आणलं नाही."

मी तिच्याजवळ सरकून बसले. मग विचारलं, "सगळा झाकला होता?"

"डोक्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. पाय तेवढे उघडे राहिले गं. माझं सारखं त्या पायांकडे लक्ष जात होतं."

पायांचं तो काय म्हणायचा ते मी आईला सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग खोळ तोंडाशी धरून ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली, आणि मीही.

तेराव्याला गुरुजींनी छत्री विचारली. आई म्हणाली, "ती आधीच दिलीय." निघताना तिने दुसरी खोळ माझ्या पिशवीत घातली. "त्याची त्याच्याजवळ आहे. ही तू ने."

चिपळूणला उतरले तेव्हा श्रावण लागला होता आणि पाऊस होता. रिक्षा मिळत होती, पण केली नाही. खोळ अंगावर घेतली. मिलिंदच्या मापाची, त्यामुळे माझ्या घोट्यापर्यंत आली. स्टँडपासून घरापर्यंत चालत आले. डोकं कोरडं राहिलं, छाती कोरडी राहिली. शकीलभाईंची शिलाई चांगली आहे. पाय भिजले.

पडवीत आले आणि त्याच्यासाठी मारलेल्या खुंटीला ती टांगली. टपटप पाणी गळून खाली ओघळ झाला आणि पायरीपर्यंत गेला. तो आला असता तर एवढंच पाणी पडलं असतं, आणि मी त्याला ओरडले असते. फडकं हातात होतं, पण ते पाणी मी पुसलं नाही.