रिकाम्या केबिनला खुणा

कल्पना करा, तुमच्यापेक्षा वयानं मोठा असलेला लष्करी ट्रक तुम्ही चालवताय. पुढ्यात गुडघ्याएवढी दगडी पायरी. चाकं तिच्यावर चढायला लागली की लांबलचक बॉनेट उठतं आणि काचेतून उरतं फक्त आभाळ, आणि त्या आभाळात, पायरीच्या वर उभ्या असलेल्या एका माणसाचे दोन हात. हात डावीकडे गेला की स्टिअरिंग डावीकडे. मूठ वळली की ब्रेक. नियम एकच, बघायचं ते त्या माणसाकडे, दगडाकडे नाही. जमेल?

मेजरला चौदा वर्षं जमलं. मेजर सैन्यात कधीच नव्हता, पंपाच्या कारखान्यात लेथवर होता. खडकाळ चढांवर गाडी चढवायच्या हौसेपायी भंगारातून सहाचाकी ट्रक उचलून आणला तेव्हा शेजारच्या वेल्डरनं हे नाव पाडलं.

"मेजर, युद्ध कधीच संपलं. तुम्ही कुणावर चाल करून जाताय?"

"शत्रू दिसला की सांगतो. तोवर तू वेल्डिंग सरळ मार."

समोर हात दाखवायचा तो धाकटा भाऊ. स्प्रिंगा उंच करण्यापासून अडकलेला ट्रक ओढायची विंच बसवण्यापर्यंत सगळं दोघांनी मिळून केलेलं. बोलणं मात्र बेताचं. दोघंही तोंडाचे कंजूष.

दोन वर्षांपूर्वी याच पायरीवर मेजरच्या मनात आलं, डावं टायर फाटतंय की काय. मान हलली नाही, फक्त डोळे बाजूच्या आरशाकडे वळले.

"दादा, माझ्याकडे बघ!" वरून धाकटा ओरडला.

मेजरनं त्यानंतर स्वतःचीच अक्कल चालवून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. ट्रक घसरून फिरला. बंपर धाकट्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"बघत नव्हतास तू."

"बघतच होतो."

"खोटं बोलू नकोस, दादा."

"एवढ्या लांबून तुला काय दिसतंय रे?"

धाकट्यानं हातमोजे काढून बॉनेटवर ठेवले आणि उतारानं चालू लागला. त्यानंतर फोन नाही, येणं-जाणं नाही. हातमोजे अजून शेजारच्या सीटवर पडून आहेत.

गेल्या रविवारी सकाळी मेजर एकटाच पायरीशी आला. परक्या हातांवर त्याचा भरवसा नव्हता, आणि ज्या हातांवर होता त्यांना बोलवायची छाती नव्हती. म्हणून त्यानं स्टिअरिंग दोरीनं सीटला सरळ बांधलं, सगळ्यात खालचा गिअर टाकला, पाय न लावता इंजिनला वेग देणारं डॅशबोर्डवरचं हँड थ्रॉटल बोटभर ओढलं. इंजिन बंद करायचं बटण त्यानं लांब वायरला जोडून आणलं होतं, ते हातात धरलं. मुंगीच्या चालीनं निघालेल्या ट्रकमधून तो उतरला आणि बाजूनं वर चढून गेला. शहाण्या माणसानं असलं काही करू नये, हे त्यालाही ठाऊक होतं.

चाकं पायरीला भिडली, बॉनेट उठलं आणि मेजरचा हात आपोआप वर गेला. हळू. जरा डावीकडे. सरळ. रिकाम्या केबिनला आपण खुणा करतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्याला हसू फुटलं, पण सोबत हसायला कुणी नव्हतं. पुढची चाकं वर आली तशी त्यानं आधी मूठ वळली, मग बटण दाबलं.

इंजिन गप्प झालं. धाकटा उभा राहायचा त्या जागी मेजर पहिल्यांदाच उभा होता. त्यानं काचेकडे पाहिलं. तिच्यात नुसतं आभाळाचं प्रतिबिंब होतं. सीट दिसत नव्हती, स्टिअरिंग नाही, बांधलेली दोरीही नाही. तो दोन पावलं सरकला, वाकला, डोळ्यांवर हात धरला. तरी आभाळच. त्या दिवशीही हीच वेळ होती, असंच लख्ख ऊन.

तो खडकावर बसला. म्हणजे धाकट्याला त्याचे डोळे दिसलेच नव्हते. आणि तो ओरडला तो तर स्टिअरिंग हलायच्या आधी.

विचारायचं तर आधी कबूल करणं आलं. मेजरनं खिशातून फोन काढला, नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली आणि तो मनाशी वाक्य जुळवत राहिला. नव्हतोच बघत मी. पण इथून तुला ते कळलं कसं?