आण्णांचा निबंध आणि चार जास्तीच्या ओळी

गेल्या शुक्रवारी मी आमच्या आण्णांवर झेरॉक्सच्या दुकानात चक्क ओरडले... बासष्ट वर्षांच्या बापावर, तेही चारचौघांत.

आण्णा रेल्वेत गँगमन होते. होटगीच्या आसपासचा रूळ त्यांनी आयुष्यभर पायी चालून तपासला. रिटायर झाल्यावर काय मनात आलं कुणास ठाऊक, बाहेरून बी.ए.ला नाव घातलं... आणि पहिल्याच वर्षी लेखनकौशल्याच्या विषयाला निबंध टाइप करून द्यायचा होता.

नियम कडक. पाचच पानं, चारी बाजूंनी एक इंच समास, दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी, आणि निबंधात स्वतःबद्दल काही लिहायचं नाही. शुक्रवारी पाचच्या आत अभ्यासकेंद्रात दिला नाही तर विषय राहिला, म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच.

आण्णांनी विषय घेतला 'रेल्वेमार्गाची देखभाल'. महिनाभर होटगीत बसून वहीत लिहीत होते. मी सोलापुरात नोकरीला, मला वाचायला कुठला वेळ... पण सुरुवात जोरदार हवी म्हणून नेटवर बघून रेल्वेच्या इतिहासावर एक झकास परिच्छेद मीच लिहून दिला होता. मला त्याचा भारी अभिमान होता हं!

तर शुक्रवारी हाफ डे टाकून मी सात रस्त्याजवळच्या त्या दुकानात पोचले. टायपिंग झालेलं, प्रिंट निघालेली, चार वाजलेले. आता निघायचं, तर आण्णांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि समास मोजायला लागले... प्रत्येक पान, चारी बाजू!

"डावीकडं दोन सूत कमी हाय."

दुकानातल्या मॅडम हसल्या. मजकूर पाच पानांत बसावा म्हणून त्यांनीच समास जरा कमी केला होता. "सगळे असंच करतात हो काका, कोण मोजत बसतंय?"

"रुळात एवढा फरक चालत न्हाय, मॅडम. गाडी घसरंल की."

इथे मी ओरडले. वेळ काय झालीय, ही काय रेल्वे आहे का, वगैरे वगैरे... पण आण्णांची पट्टी काही खिशात गेली नाही. शेवटी मॅडमनी समास एक इंच केला आणि सहाव्या पानावर चार ओळी सांडल्या. आता काहीतरी कापायलाच हवं होतं.

"त्यो शेवटाकडचा परिच्छेद काड, वैशे. त्यात कामाचं काय न्हाय," एवढं बोलून आण्णा दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी चिडूनच स्क्रीनकडे बघितलं. लिहिलं होतं...

"थंडीत रूळ आकसतो व त्याला तडा जाण्याचा धोका असतो. त्यामुळे या दिवसांत रात्रीची गस्त वाढवावी लागते. शाळांची स्नेहसंमेलनेही याच दिवसांत असतात. काही कर्मचाऱ्यांच्या मुली त्यात नाच करतात. सकाळी कर्मचारी घरी येतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. तिला उठवून, नाच पुन्हा करून दाखव, असे म्हणावे असे त्याला वाटते. परंतु ती रागावलेली असेल, म्हणून तो उठवत नाही."

सातवीत माझा कोळी डान्स होता. आण्णा आले नाहीत म्हणून मी आठ दिवस बोलले नव्हते. आणि नंतर त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही, हे तर मी त्या शुक्रवारपर्यंत मनात धरून होते...

"ताई, डिलीट करू का हा?" मॅडमनी विचारलं.

"हा नको. पहिला करा." माझा झकास परिच्छेद अख्खाच्या अख्खा गेला, आणि पाच पानांत सगळं ऐसपैस बसलं. मॅडमनी टिश्यूचा बॉक्स माझ्याकडे सरकवला.

आण्णांनी पुन्हा पट्टी लावली. पहिलं पान बघून जरा थबकले, शेवटचं पान उलटून बघितलं... माझ्याकडे मात्र बघितलं नाही. "बराबर हाय," म्हणाले. रेल्वेतही त्यांची शाबासकी एवढीच असायची.

पाचला दहा कमी असताना निबंध पोचला.

संध्याकाळी माझ्या घरी चहा झाल्यावर मी विचारलं, "आण्णा, नाच बघायचाय?" ते खुर्ची पुढे ओढून नीट बसले. अर्धा नाच मी विसरलेच होते, त्यात एक गुडघा कटकट वाजत होता... आण्णांबरोबर होटगीहून आलेली आई तर हसून हसून लाल झाली. आण्णा मात्र अगदी लक्ष देऊन बघत होते. संपल्यावर डोळे पुसले आणि म्हणाले, "बराबर हाय."

मार्क अजून यायचेत. पण स्वतःबद्दल लिहायचं नाही, हा नियम ज्या कुणी सरांनी की मॅडमनी केला, त्यांचे मनापासून आभार... नाहीतर आमच्या आण्णांनी हे जन्मात लिहिलं नसतं.