नाताळचा चहा आणि काकूचा करंडा

मिरज सुटली तेव्हा डब्यात आम्ही तिघं होतो: मी, माझी काकू आणि काकूची सून, म्हणजे आमची वहिनी. काका दुकान सोडून येणार नव्हते. गाडी हलली तसं त्यांनी काकूला विचारलं, "मेतकुटाचा डबा कुठे ठेवलास?" इतका हळवा निरोप मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही बंगलोरला दादाकडे, काकूच्या मुलाकडे निघालो होतो. दादा तिथे सरकारी कारखान्यात इंजिनियर. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बिऱ्हाडाला जागा मिळेना. त्यामुळे तो तिकडे एका खोलीत आणि वहिनी मिरजेत सासूच्या हाताखाली. आता त्याच्या ओळखीच्या एक अँग्लो-इंडियन बाई ऑस्ट्रेलियाला मुलीकडे चालल्या होत्या, आणि आपल्या घराचा खालचा मजला कुणाला द्यायचा ते माणसं बघून ठरवणार होत्या. त्यासाठी नाताळच्या दिवशी आम्हाला चहाचं बोलावणं. थोडक्यात, अख्खं घराणं दाखवायला नेत होतो.

दादा स्टेशनवर टाय बांधून उभा. म्हणाला, "हॅलो, आई!" काकू मागे वळून बघायला लागली, हा कुणाशी बोलतोय म्हणून.

"इथे जरा हळू बोलायचं हं," दादा म्हणाला.

खरंच, बंगलोरात सगळेच हळू बोलतात. सगळ्या गावात कुणाचं तरी बाळ नुकतंच झोपलंय असं वाटतं. लालबागेचा रस्ता विचारला तर एकाने कुजबुजत सांगितलं, "स्वल्प दूर (थोडं लांब)." त्या स्वल्पात काकूची चप्पल तुटली. बागेत एक भलंमोठं काचेचं घर आहे. आत काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसलेलं बघायला ही गर्दी! नवं विधानसौध दाखवताना दादाची छाती अशी फुगली, जणू सगळे दगड यानेच वाहिलेत. काकू म्हणाली, "एवढ्या पायऱ्या झाडतं कोण रे?" दादाला सांगता येईना. म्हणे इंजिनियर!

वहिनीचं मात्र यात कशातच लक्ष नव्हतं. सांबारात गूळ असतो हेसुद्धा तिने मनावर घेतलं नाही. हळूच मला विचारते, "सदूभावजी, इथल्या बायका बाहेर जाताना कुणाला विचारतात हो?"

"कुणाला नाही. दाराला कुलूप लावतात आणि जातात."

"अगदी कुणालाच नाही?" असं म्हणून ती काचेच्या घराकडे बघून एवढी खूश झाली, की मला वाटलं आत फुलं उगवली.

नाताळच्या दिवशी कँटोनमेंटात गेलो. घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या. दिवाळी संपल्यावर आकाशकंदील उतरवायचा या लोकांनी आळस केलाय, असं काकूचं मत पडलं. फाटकाशी दादाने सूचना दिल्या: चहा बशीत ओतायचा नाही, केक नाकारायचा नाही, चहा झाला की उठायचं. "आणि सद्या, तू कुणाची नक्कल करायची नाहीस."

"मग मी यायचं कशाला?"

बाईंचा फ्रॉक लाल, ओठ लाल, गालांवर पावडरचे थर. कोपऱ्यात कुंडीत सरूचं झाड, त्यावर कापूस. "तो बर्फ," दादा कौतुकाने म्हणाला. आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडे रोज याहून जास्त बर्फ पडतो.

केक आला. काकूने विचारलं, "अंडं आहे यात?"

"वासापुरतं," दादा पुटपुटला.

"सांग त्यांना, माझा आज गुरुवारचा उपास." त्या दिवशी रविवार होता. वहिनीने दोन तुकडे खाल्ले.

चहा झाला, आम्ही उठलो. बाई दारापर्यंत आल्या. आम्ही पायऱ्या उतरलो, पण काकू दारातच. सवाष्ण बाई कुंकू लावून घेतल्याशिवाय कुणाच्या घरून निघते होय? बाईंना वाटलं हिला केक बरोबर हवाय. त्यांनी पुडी बांधून आणली. काकू हलेना. मग त्यांनी छत्री आणली. दादाच्या कपाळावर घाम.

"यांच्यात पद्धत दिसत नाही," काकू म्हणाली. पिशवीतून करंडा काढला आणि बाई मागे सरायच्या आत त्यांच्या कपाळावर हे एवढं कुंकू टेकवलं!

"आई, अगं त्यांचे यजमान वारलेत!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं? एवढे ओठ रंगवलेल्या बाईला मी काय समजू?"

बाईंनी दादाला विचारलं, मम्मी क्या बोलता. "बोलती है, आपको अच्छा दिखता है," मीच ठोकून दिलं.

बाई आत आरशात बघून आल्या. त्यांचे डोळे जरा ओले वाटले, पण पावडरमुळे खात्रीने सांगता येत नाही. मग बोट बुडवून त्यांनी काकूला कपाळापासून नाकापर्यंत माखलं.

"हम तुमको घर देगा," त्या दादाला म्हणाल्या. वहिनीने माझा दंड एवढा दाबला की वळ उठला. "मगर ये मम्मी इधर रहना मांगता. जवान लोग बगीचा सुखा देता, दीवार में कीला मारता. मम्मी रहेगा तो देगा."

"राहीन की," काकू म्हणाली. चार दिवस जिने बंगलोरच्या हवेपासून भाजीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली, तीच! "पाणी बरं आहे इथलं. आणि हिला भाताचा अंदाज अजून येत नाही."

वहिनीच्या चेहऱ्याची नक्कल मला आजतागायत जमलेली नाही.

मी एकटाच परतलो. निघताना वहिनी खिडकीशी येऊन घाईघाईने म्हणाली, "मामंजींना सांगा, तुमच्या जेवणाचे हाल होतायत असं आईंना कळवा. होत नसले तरी."

मिरजेला काका फलाटावर हजर. माझ्यामागे डब्यात वाकून वाकून बघत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. काकांनी टोपी नीट केली.

"पक्की राहिली?"

"पक्की."

"चल मग. आधी भजी खाऊ."

प्रवासाने माणसाचं भलं होतं म्हणतात, ते मला तिथे पटलं. फक्त तो दुसऱ्याने करायचा असतो. वहिनीचा निरोप सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा काकांनी त्यात भजं घातलं.