थोरली पाती

किल्ली हातात आली की आधी ती उजेडात धरणं. समोरचा बोलत असला तरी नजर त्याच्या खिशावर ठेवणं. कुणाच्या घरी गेलं की दारातच वाकून कुलूप बघणं, माणसांची विचारपूस मग. चहाचा शेवटचा घोट कपात सोडणं. नखं कानशीने घासणं. आणि चारचौघांत कुणी ‘तुम्ही कुणाकडचे?’ असं विचारलं की पाणी प्यायला उठणं.

कानसकाकांच्या या सवयी. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. किल्ल्या करणारा माणूस, हातात कायम कानस, म्हणून कानसकाका.

शेवटच्या सवयीला कारण होतं. काका रांगत्या वयात याच दुकानाच्या पायरीवर सापडले होते. तेव्हा दुकान अण्णांचं होतं. अण्णांनी आसपास चौकशी केली, काही दिवस वाट पाहिली, मग दुकानात एक झोळी टांगली. त्यांनी नाव दिलं, हातात कानस दिली, लग्न लावून दिलं. कशात काही कमी पडू दिलं नाही. पण ‘कुणाकडचे?’ याचं उत्तर अण्णांकडेही नव्हतं.

शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळजींकडे ते उत्तर गरजेपेक्षा जास्त होतं. त्यांचं कूळ मोठं आणि त्यातली थोरली पाती, म्हणजे वडील शाखा, यांची. वर्षातून एकदा सगळं कूळ एकत्र जेवायला बसे. त्याची तयारी घड्याळजी महिनाभर आधीपासून सांगत आणि वर्णन महिनाभर नंतर.

“आमच्याकडे नऊ पिढ्या तोंडपाठ आहेत,” ते म्हणत.

“आणि दुकानाची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही,” काका म्हणत.

ते खरंच होतं. घड्याळजी वर्षातून दोनदा तरी किल्ली हरवत. मूळ किल्ली कधीच गेली होती. मग नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी एक. अण्णांचा नियम होता, की किल्ली मुळावरूनच काढायची. नक्कल आधीचीच चूक उचलते आणि वर स्वतःची एक घालते. काकांनी कितीदा सांगितलं, कुलूप काढून दे, त्यातूनच नवी किल्ली बसवतो. पण कुलूप पडलं आजोबांच्या हातचं. त्याला घड्याळजी हात लावू देत नसत. आता त्यांची किल्ली कुलपात घालून थोडी वर उचलावी, डावीकडे दाबावी आणि एक शिवी द्यावी लागे.

काकांची लेक एका प्रयोगशाळेत कामाला होती. एके दिवशी ती दुकानात दोन छोट्या डब्या घेऊन आली.

“गालाच्या आतून कापूस फिरवायचा, बाबा. बापाकडची ओळ कळते. कुठून निघाली, कशी पसरली.”

काकांनी डबी बाजूला सारली. “बाप होता ना मला.”

“अण्णा-आजोबा होतेच की. हे त्याच्या मागचं.”

काकांनी हातातली किल्ली उजेडात धरली. मग म्हणाले, “अण्णांना काय वाटेल?”

लेकीने कोनाड्यातली एक तयार किल्ली उचलली. अण्णांच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक किल्लीच्या माथ्यावर एक तिरकी, तांदळाएवढी खूण असे. ती अण्णांची. अण्णा गेल्यावरही काका ती मारत होते.

“ही खूण मला पण मारता येते,” ती म्हणाली. “ती कुठे जात नाही.”

मग तिने बाकावर नकलेसाठी आलेली घड्याळजींची किल्ली घेतली आणि सगळं समजावलं. बापाकडून मुलाकडे जे वाय गुणसूत्र जातं ते किल्लीसारखंच. जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, पण अधूनमधून एखादी बारीक खाच जास्त पडते. एकदा पडली की पुढच्या सगळ्या नकलांत ती राहते. खाचा जुळवल्या की कोण कुणावरून निघाला ते कळतं.

“हे आधी नाही का सांगायचं,” काका म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

दुसरी डबी घड्याळजींनी आपणहून मागून घेतली. थोरल्या पातीवर आता सरकारी शिक्का बसेल असं त्यांना वाटलं. सरकारचा यात काही संबंध नाही हे लेकीने दोनदा सांगितलं.

निकाल आला तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करत होते. लेकीने मोबाइल काढलेला बघून ते तसेच काकांच्या दुकानात आले.

“आधी थोरली पाती,” ते म्हणाले.

“सगळ्या पुरुषांची मूळ किल्ली आफ्रिकेतली,” लेक म्हणाली. “दोन-तीन लाख वर्षांपूर्वीची. तो काही पहिला पुरुष नव्हता. त्याच्यासोबत पुष्कळ होते. पण त्यांच्या ओळी कुठे ना कुठे थांबल्या, याची चालू राहिली.”

“का थांबल्या?” काकांनी विचारलं.

“काहींना मूल झालं नसेल. काहींना मुलीच झाल्या असतील. मुलींमध्ये ही ओळ उतरत नाही. तुमची पण इथेच थांबते, बाबा.”

“थांबू दे,” काका म्हणाले. “चांगल्या जागी थांबली.”

मग लेकीने पुढचं वाचलं. तिथून एक फांदी निघाली, समुद्राच्या कडेने चालत गेली. तिला फांद्या फुटल्या. कुणी थंडीत गेलं, कुणी नद्यांच्या काठी थांबलं. घड्याळजींच्या फांदीला एक अक्षर होतं आणि त्यापुढे आकडे. तिने काकांचा निकाल उघडला. तेच अक्षर. तिने आकडे वाचले, परत वर गेली, परत वाचले.

“खाचा सारख्या आहेत,” ती म्हणाली. “शेवटचीसुद्धा.”

घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंग गळून कानशींमध्ये पडलं.

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा दोघांचा मूळपुरुष एकच. पाचसहा हजार वर्षांपूर्वीचा.” आणि मग तिने घाईने सांगितलं, कारण बापाचा चेहरा तिला बघवत नव्हता, “पण बाबा, यातून जवळचं नातं कळत नाही. नाव नाही, गाव नाही. ही खूण लाखो माणसांत सापडते. या बाजारातही चारातल्या एकात असेल.”

काका उठले. लेकीला वाटलं, पाणी प्यायला. पण ते दुकानाच्या दाराशी गेले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

“तो फळवाला?”

“असेल.”

“तो टपालवाला?”

“असू शकेल.”

“आणि विजेची बिलं आणणारा?”

“तो नको,” घड्याळजी म्हणाले.

काका हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेकीने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ती एका बापाचा शोध लागला नाही म्हणून समजूत घालायला बसली होती, आणि ज्याला आजवर एकही चुलता नव्हता त्याच्या दारासमोरून चुलत्यांची रांग चालली होती.

त्यानंतर काका फळवाल्याला ‘काय रे भाऊ’ म्हणायला लागले. आधीही म्हणत. आता जरा थांबून म्हणत.

घड्याळजी मात्र दोन दिवस काकांच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी किल्ली हरवली तेव्हा आले. घरी ठेवलेली, वाकडी झालेली नक्कल त्यांनी पुढे केली. “कर लवकर. उद्या कूळ जेवायला बसतंय. दुकान बंद करून निघायचंय.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकांनी कोरी किल्ली बाकावरच्या वाइसच्या पकडीत धरली होती. नकलेतल्या चुका अंदाजाने दुरुस्त करत एकेक दाता उतरवत होते. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

“ऊठ.”

“झाली नाही अजून.”

“राहू दे. ताटं मांडलीत तिकडे.”

कानस थांबली. “मी? मी कोण म्हणून येऊ?”

“कोण म्हणून काय? धाकटी पाती म्हणून.”

काकांनी पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. तो हाताशीच होता. त्यांनी तो उचलला नाही.

“धाकटी कशावरून?” ते म्हणाले.

“ते वाटेत भांड. चप्पल घाल.”

दोघं निघाले. कोपऱ्यापर्यंत त्यांचा आवाज येत होता. तिथे काका एकदम थांबले. “अरे, तुझं दुकान उघडंच आहे.”

“कोण नेतंय? चारातला एक आपलाच.”

“म्हणूनच म्हणतोय.”

पण घड्याळजींनी त्यांचा दंड धरला होता, आणि ते वळले.

बाजार बघत राहिला. अण्णांच्या अंत्ययात्रेचा दिवस सोडला तर काका काम अर्धं टाकून कधी उठले नव्हते. दुकानात मागे बसलेल्या लेकीने एक स्टूल ओढून घड्याळजींच्या दारात मांडलं आणि राखण करायला बसली. तिथून बापाचं बाक दिसत होतं. वाइसमध्ये घड्याळजींची किल्ली तशीच होती. चार दाते उतरले होते, पाचवा अर्धा. खाली पितळेचा भुसा. माथ्यावर अण्णांची खूण मारायची राहिली होती.