आतार मॅडमचा रिकामा रन

सगळं पुणं धावायला लागलं होतं त्या दिवसांत आमच्या आतार मॅडमचा लाडका शब्द होता, 'थांबा'. कोणी यंत्राच्या बटणाकडे हात नेला, थांबा. कोणी आलेख बघून टाळी वाजवली, थांबा. आम्ही पीएच.डी.ची मुलं त्यांना पाठीमागे थांबा मॅडमच म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं. "नाव ठेवलंत ते ठीक, पण ऐकत तरी जा," असं एकदा चहा ओतता ओतता म्हणाल्या.

यंत्र म्हणजे प्रवेगक. इलेक्ट्रॉन चुंबकात गरागरा फिरवून, वेग देऊन धातूच्या तुकड्यावर आदळायचे आणि आतली अणुकेंद्रकं डिवचली गेली की कोणते किरण निघतात ते मोजायचं. मोजणारं उपकरण थंड ठेवायला द्रव नायट्रोजन लागे. विभागाची गाडी नसली की मॅडम ते भांडं रिक्षातून आणत. एकदा रिक्षावाला दचकून ओरडला, "बाई, मागून धूर निघतोय!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वाफ आहे ती, आणि गार आहे. तापलाय तो तुमचा मीटर."

जन्म शनिवार पेठेतला, त्यामुळे पाणउतारा करतानाही 'अहो' सुटत नसे. आमच्यातला एकेक जण सॉफ्टवेअर कंपनीत जायला लागला. "मॅडम, पुढच्या महिन्यात अमेरिका," असं एकानं चाचरत सांगितलं. "छान! आमचे इलेक्ट्रॉनही जातात हो, पण आधी फेऱ्या पूर्ण करतात," असं म्हणून त्यांनी त्याला झकास शिफारसपत्र लिहून दिलं. आम्हीही मग हसत हसत पेढे खाल्ले.

त्यांची एक सक्तीची पद्धत होती. धातूचा तुकडा न लावता, तो धरून ठेवणाऱ्या नुसत्या रिकाम्या पकडीवर एकदा यंत्र चालवायचं. हा रिकामा रन झाल्याशिवाय त्या कुठल्याच निकालावर विश्वास ठेवत नसत. आम्हाला हे कंटाळवाणं वाटे, कारण त्यात कधी काही दिसायचंच नाही.

यंत्र चालू ठेवायचं की मोडायचं, हे ठरवायला एक समिती येणार होती. नेमकी त्याच आठवड्यात, मॅडम कित्येक वर्षं जिची वाट बघत होत्या ती किरणांची रेघ पडद्यावर उमटली. बारीक, पण स्वच्छ. पकड नुकतीच नवी बसवलेली होती आणि रिकामा रन व्हायचा होता, तेवढ्यात समिती दारात! अध्यक्ष रेघ बघून खूश झाले. "मॅडम, यंत्र चालू राहिलंच पाहिजे. आम्ही तसं लिहून टाकतो."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आपण चहा घ्या. तोवर एकदा रिकामं चालवून बघू."

मी कपाळावर हात मारला. चहा संपला, बिस्किटं संपली आणि रिकाम्या पकडीवरही तीच रेघ त्याच जागी येऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "नव्या पकडीचा सांधा जोडायला डाख दिलाय ना, त्यातून येतेय ही. आपल्या तुकड्याचं अजून काहीच सापडलेलं नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. "समिती गेल्यावर बघता आलं नसतं का?" मी विचारलं.

"आलं असतं की. पण मग ते मला एकटीलाच कळलं असतं. ते पोटात ठेवून मला इथं रोज काम करता आलं नसतं हो."

यंत्र बंद झालं. चुंबक दूरच्या एका प्रयोगशाळेला द्यायचं ठरलं आणि ते न्यायला मार्केट यार्डातून ट्रक आला. कांद्याची सालं झाडून आम्ही चुंबक चढवलं, दोरखंडांनी आवळलं. तर मॅडम पर्स काखोटीला मारून ड्रायव्हरशेजारी चढून बसलेल्या! घाटात चुंबकाला हिसके बसू नयेत म्हणून त्या स्वतः जाणार होत्या. कोणी समजावूनही खाली उतरेनात.

गाडी सुरू करता करता ड्रायव्हरनं सहज विचारलं, "मॅडम, एवढं जड काय हाय ओ मागं?"

आम्ही कान टवकारले. रिक्षावाल्यापासून अध्यक्षांपर्यंत कोणालाही उत्तर देणाऱ्या मॅडम बोलायला गेल्या आणि त्यांना बोलताच येईना. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि ट्रक अगदी हळू बाहेर काढला.