नासर्डीवरची जाळी

आम्ही काही बायका दर रविवारी सकाळी नदीतलं प्लॅस्टिक काढतो. पोती भरतात, घंटागाडी येते आणि ती घेऊन जाते. किस्से मात्र घंटागाडीत जात नाहीत, ते आमच्याबरोबर घरी येतात. भाजी निवडताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसत बसते. मिस्टर पेपरमागून विचारतात, "आज काय सापडलं?" शेवटी म्हटलं, लिहूनच काढावेत. निदान डोक्यात जागा तरी होईल.

आधी ओळख करून देते. नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या बाजूने नासर्डी वाहते. कागदावर ती नदी आहे, बोलताना सगळे नाला म्हणतात. पुढे ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. म्हणजे आमच्या पुलावरून टाकलेली पिशवी वाटेत कुठे अडकली नाही, तर थेट समुद्रावर फिरायला निघालेली! समुद्रात जाऊन तिला शोधणार कोण? त्यापेक्षा इथेच धरावी, एवढाच आमचा उद्योग.

पुढाकार वंदनाताईंचा. त्यांचे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेत. दुसरी कुसुम. तिचा मखमलाबादला फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. आणि मी. बोलायला कमी, पोतं धरायला पक्की.

* * *

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. हातात ग्लोव्हज, डोक्याला स्कार्फ, खांद्यावर पोतं, असा आमचा अवतार. नदीकाठच्या एका बिल्डिंगमधून, तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "ओ भंगारवाल्या बाई, वर या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वंदनाताई म्हणाल्या, "बोलावतायत ना? प्लॅस्टिकच देणार. चला." आणि गेल्या वर.

दार उघडलं ते त्यांच्याच भिशीतल्या मैत्रिणीने! ती बिचारी बघतच राहिली. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "वंदना, भाऊजींची पेन्शन थांबली का गं?"

"नाही गं बाई. पिशव्या दे."

तिने पिशव्या दिल्या, पण तिचा विश्वास काही बसला नाही. पुढच्या रविवारी ती पोह्यांचा डबा घेऊन नदीवर हजर. आम्हा सगळ्यांसाठी नव्हे. फक्त वंदनाताईंसाठी!

* * *

हाताने वेचून काही पुरत नव्हतं. रविवारी काढावं आणि सोमवारी तेवढंच यावं. तेव्हा वंदनाताईंच्या मनात आलं, नदीला आडवी जाळीच बांधू.

कुसुमच्या भावाची द्राक्षबाग आहे. पाखरं येऊ नयेत म्हणून बागेवर टाकतात ती जुनी जाळी त्याने दिली. आम्ही हौसेने बांधली. पहिल्याच दिवशी तिच्यात पानं, शेवाळ, सगळंच अडकलं, पाणी तुंबलं आणि जाळी तुटून वाहून गेली. प्लॅस्टिक अडवायला गेलो आणि नदीत अख्खी प्लॅस्टिकची जाळी सोडून आलो! पुढचे दोन रविवार आम्ही आमचाच कचरा शोधत होतो.

मग मोठ्या भोकांची, जाड दोरीची जाळी आणली. वंदनाताईंच्या मिस्टरांनी दोन्ही काठांना ती अशी बांधली की हत्ती आला तरी हलू नये. वर तरंगायला तेलाचे रिकामे कॅन लावले.

परवानगीसाठी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथले साहेब भला माणूस, पण सावध. म्हणाले, "बांधा ताई. चांगलं काम आहे. पण एक जरी तक्रार आली, तर मी जाळी काढणार. मग मला काही सांगायचं नाही."

तेव्हापासून वंदनाताईंचा जीव त्या जाळीत अडकला तो अडकलाच. पुलावर कुणी थांबून खाली पाहिलं की त्या म्हणणार, "हा तक्रार करणार वाटतं!" एकदा एक माणूस बराच वेळ वाकून बघत होता. वंदनाताई धावत वर गेल्या. तो फोनवर बायकोची समजूत काढत होता.

* * *

तक्रार राहिली बाजूला, एका सोमवारी जाळीच बुडाली. वर एकही कॅन नाही. वंदनाताईंना वाटलं, साहेबांचीच माणसं येऊन गेली.

दुपारी कुसुमच्या मोबाइलवर एक फोटो आला. शहरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपची तरुण मुलं, पांढरे टी-शर्ट घालून, अंगठे वर करून उभी. पुढ्यात आमचे कॅन रचून ठेवलेले! खाली लिहिलं होतं, "आज नासर्डीतून प्रचंड कचरा बाहेर काढला. कुणीतरी चक्क दोरीला कॅन बांधून टाकले होते. लोकांना लाज कशी वाटत नाही?"

कुसुमने खाली उत्तर लिहिलं, "लाज वाटली. कॅन कुठं हायेत?"

मुलं चांगली होती. संध्याकाळी येऊन स्वतः कॅन बांधून गेली. त्याचाही फोटो काढला.

* * *

जाळीत काय काय सापडतं, विचारू नका. चेंडू, बाहुली, एका पायाची चप्पल. (दुसऱ्या पायाची कधीच सापडत नाही.) एकदा सापडली कवळी! वरची आणि खालची, दोन्ही.

वंदनाताईंनी ती धुऊन डबीत ठेवली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सांगून ठेवलं. दोन दिवसांनी एक आजोबा काठी टेकत आले. डबी उघडून कवळी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"नाही हो. ही माझी नाही."

आम्ही डबी परत घ्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "थांबा की. बसतेय का ते तर बघू द्या!"

* * *

कुसुम घरची फुलं इंदिरानगरच्या बाजारात विकते. नदीवर यायला लागल्यापासून तिने पिशवी देणं बंद केलं. कागद संपला की बायकांना म्हणायची, "पदर धरा, ताई." बायका धरायच्याही.

एकदा एक बाइकवाला आला. ऑफिसला जायच्या घाईत. "मावशी, पिशवीत द्या."

"पिशवी नाय."

"मग नेऊ कशात? मला काय पदर आहे?"

कुसुमने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हेल्मेट काढा."

पाव किलो झेंडू हेल्मेटमध्ये घालून, ते हँडलला अडकवून तो गेला. लोक वळून वळून बघत होते. आता तो नेहमीचं गिऱ्हाईक झालाय. रोज न विसरता हेल्मेट आणतो. डोक्यावर नसतं, पण आणतो!

* * *

एकदा आम्ही डहाणूकडे समुद्रावर गेलो होतो. तिथल्या बायका किनारा साफ करतात, त्यांनी बोलावलं होतं. कुसुमने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ बघून म्हणाली, "लय पाणी हाय. पण सगळं एकाच ठिकाणी ठेवलंय."

वाळूत काम सुरू झालं. बाटल्या, झाकणं, दोऱ्या, तुटकी जाळी, काय नव्हतं! आणि एवढ्यात वंदनाताई ओरडल्या, "इकडे या, इकडे या!" त्यांच्या हातात नाशिकच्या चिवड्याची पिशवी होती. वर नाशिकचा पत्ता स्वच्छ छापलेला.

"बघा! आपल्याकडची पिशवी, नदीतून वाहत वाहत कुठे आली!" वंदनाताईंचे डोळे भरून आले. सगळ्या बायका गोळा झाल्या. फोटो झाले. वंदनाताईंनी छोटंसं भाषणही केलं. गोदावरी इथल्या नाही, पलीकडच्या समुद्राला मिळते, हे मी शाळेत पाठ केलेलं होतं. पण त्या क्षणी मलाही आठवलं नाही.

जेवायला बसलो. कुसुम सगळे डबे उघडून बघत होती.

"काय शोधतेस?"

"चिवडा. सकाळी वाळूवर ठेवला होता, पिशवीसकट. कुत्र्यानं नेला का काय?"

* * *

आता अक्का. म्हणजे वंदनाताईंच्या सासूबाई. वय झालंय, पण आवाज खणखणीत. रोजच्या पूजेचं निर्माल्य पिशवीत घालायचं, घट्ट गाठ मारायची आणि संध्याकाळी पुलावरून नदीत सोडायचं, हा त्यांचा नेम. गाठ कशाला? तर देवाची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून.

म्हणजे सून खाली जाळी बांधणार आणि सासू वरून पिशवी टाकणार! वंदनाताईंनी घरात खताची कुंडी ठेवून पाहिली. अक्का म्हणाल्या, "देवाचं फूल वाहत्या पाण्यात जातं. कुंडीत नाही."

एका संध्याकाळी अक्कांनी पुलावरून वाकून पाहिलं. त्यांची पिशवी पुढे गेलीच नव्हती. जाळीला लटकत होती. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून वॉर्ड ऑफिसात गेल्या. घरी आल्यावर सुनेला म्हणाल्या, "तुझ्या जाळीची तक्रार करून आले बरं का. चहा टाक."

शनिवारी साहेब आले. बरोबर एक माणूस, त्याच्या हातात कोयता. आम्ही काठावर उभ्या. वंदनाताईंचा चेहरा बघवत नव्हता.

साहेबांनाही अवघड झालं होतं. "ताई, तक्रार घरातलीच आहे. तुम्ही समजावून बघता का?"

"लग्न झाल्यापासून समजावतेय, साहेब."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. जाळी निघते की नाही, ते बघायला स्वतः आल्या होत्या. साहेबांनी अदबीने विचारलं, "आजी, यातली तुमची पिशवी कुठली?"

अक्का बघायला लागल्या. जाळीला पिशव्यांची रांग लागली होती. निळ्या, पांढऱ्या, मिठाईच्या, साडीच्या दुकानाच्या. सगळ्यांना गाठी.

"एवढ्या?" अक्का म्हणाल्या.

"आठवड्याच्या हायेत," कुसुम म्हणाली. "उद्या काढल्या असत्या आम्ही."

"जाळी नव्हती तेव्हा पुढे जात होत्या ना?"

"पिशवी जायची, अक्का. फूल आतच कुजायचं. गाठ कोण सोडणार पाण्यात?" कुसुम म्हणाली.

अक्का काठावरच्या दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "एक आण इकडे."

कुसुमने काठाजवळची एक आणून दिली. गाठ सुटेना. अक्कांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याने गाठ उकलली. असा वास सुटला की साहेब मागे सरकले. अक्कांनी काळी पडलेली फुलं ओंजळीत घेऊन जाळीच्या पलीकडे पाण्यात सोडली, हात जोडले आणि रिकामी पिशवी साहेबांच्या हातात दिली.

"दुसरी."

कोयतेवाल्याने विचारलं, "साहेब, दोरी कापू का?"

"थांब रे!" अक्का म्हणाल्या. "कुणाकुणाच्या घरचे देव आहेत हे."

दुसरी झाली, तिसरी झाली. साहेबांच्या हातात रिकाम्या पिशव्या वाढत होत्या. काठाजवळच्या सगळ्या संपल्या. बाकीच्या मधोमध, पाण्यात होत्या. कुसुम कमरेला पदर खोचून निघाली, तर साहेबच म्हणाले, "तुम्ही थांबा, मी बघतो," आणि पाण्याकडे वळले.

"अहो साहेब!" अक्कांचा आवाज आला. "आधी बूट काढा. देवाची फुलं आहेत."

साहेबांनी हातातल्या पिशव्या वंदनाताईंकडे दिल्या आणि खाली बसून लेस सोडायला लागले.

"साहेब," मागून कोयतेवाला म्हणाला, "कोयत्याचं काय करू?"

"गाडीत ठेव," साहेब म्हणाले. "आणि तूही चपला काढ."