जिन्यातला ट्रम्पेट

आमचे हे, म्हणजे माझा नवरा शहात, कैरोतल्या लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. ह्यांचे वरचे सूर चिरके लागतात, भरदार लागत नाहीत, म्हणून ट्रम्पेटला तोंडाशी लावायचे माउथपीस सारखे बदलतात; घरात त्यांचा नुसता ढीग झालाय. एक उथळ, एक खोल, एक रुंद कडेचा. नवा आणला की हे जिन्यात उभे राहून वाजवणार आणि स्वतःवरच खूश होणार. अहो, त्या जिन्यात माझं पातेलं पडलं तरी भरदार वाजतं!

परवा नवाकोरा उथळ माउथपीस घेऊन वरातीत गेले. भर रस्ता, वर मोकळं आभाळ. ह्यांनी वरचा सूर लावला, तशी नवरीची आत्या ओरडली, "अगं, पोर कुणाचं रडतंय? दूध पाजा त्याला!"

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओढतच गच्चीवर नेलं, शेजाऱ्याच्या कबुतरखान्यापाशी. म्हटलं, "आता इथे वाजवा, एकेक करून." सगळे चिरकले. भरदार वाजला तो एकच, ह्यांनी कधीच टाकून दिलेला पहिला. त्याने मी मुलुखियाच्या भाजीसाठी लसूण ठेचते.

ह्यांनी तो माउथपीस हुंगून पाहिला. मग म्हणाले, "लसणानेच आवाज सुधारला असणार. बाकीच्यांनीही ठेचून बघ ना."